प्रतिस्पर्ध्याचे दिवाळे

२०१२ सालच्या एप्रिल महिन्यात ग्लासगोच्या रेंजर्स फुटबॉल क्लबाच्या प्रशासकांनी धनकोंची यादी जाहीर केली, तेव्हा तिच्यात २७६ विनातारण धनको निघाले. आणि सर्व वादग्रस्त दावे क्लबाच्या विरुद्ध गेले असे धरून चालले तर एकंदर देणे १३ कोटी ४० लाख पौंडांपर्यंत जाईल, असा हिशेब तिच्यासोबत मांडलेला होता. यादीच्या शिरोभागी सरकारचे करखाते होते. पुढील काही मोसमांची, अद्याप छापलीही न गेलेली तिकिटे आगाऊ विकत घेऊन बसलेली टिकेटस नावाची पेढी होती. आणि अगदी तळाशी, सामन्याच्या दिवशी लहान मुलांचे चेहरे रंगवून देणाऱ्या एका व्यक्तीचे ४० पौंड होते. परंतु या दोन टोकांच्या मधल्या भागात जी नावे होती, ती पाहून व्यापारी जगात वावरलेल्या कोणाही कारकुनाने चष्मा पुसून पुन्हा यादी वाचली असती. डंडी युनायटेड हा संघ ५ फेब्रुवारीला रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर येऊन स्कॉटिश करंडकाच्या सामन्यात यजमानांचा २-० असा पराभव करून गेला होता. करंडकाच्या रिवाजाप्रमाणे गल्ल्याचा जो हिस्सा पाहुण्यांस द्यावयाचा, ते सुमारे ६६ हजार पौंड त्याच्या हाती पडलेच नाहीत, आणि नवव्या दिवशी यजमान क्लब प्रशासकांच्या ताब्यात गेला. डन्फर्मलिनच्या मैदानावरील सामन्याची तिकिटे रेंजर्सने आपल्या अनुयायांस विकून पैसे घेतले होते; ते सुमारे ८३ हजार पौंड डन्फर्मलिनला पोहोचावयाचे राहिले होते. एडिनबरोच्या हार्ट्स क्लबाने ली वॉलेस हा बचावपटू हप्त्यांवर विकला होता आणि त्याचे आठ लाख पौंड येणे होते. ज्यांच्याशी शनिवारी झुंजावयाचे, त्यांच्याच वह्यांत रेंजर्सचे नाव नावेच्या बाजूला लिहिलेले होते.

कापडबाजारात शेजारच्या पेढीचे दिवाळे वाजले की तिची गिऱ्हाइके आपल्या दुकानाची पायरी चढतात, हा व्यवहाराचा नियम झाला. खेळाच्या साखळीस तो लागू पडत नाही, कारण तेथे जो माल विकावयाचा तोच मुळी दोन प्रतिस्पर्ध्यांनी मिळून तयार केलेला असतो. आखाड्यात उतरलेल्या पैलवानाला तोलाची जोड मिळाली नाही तर त्याचे बळ कितीही असो, गर्दी पांगते आणि हलगीवाला थांबतो, तशीच ही गोष्ट आहे. रेंजर्सचा समर्थक, क्लब बुडाला म्हणून, दुसऱ्या दिवशी सेल्टिकचा हिरवा-पांढरा गळपट्टा घेऊन रांगेत उभा राहील, अशी कल्पना करणेही ग्लासगोत जिवावर बेतण्यासारखे आहे. तेव्हा रेंजर्सच्या पतनाने त्यांचे प्रतिस्पर्धी काय कमावून बसले आणि काय गमावून बसले, या प्रश्नाचे उत्तर त्या उन्हाळ्यात ज्यांनी छातीठोकपणे दिले, ते बहुतेक सारे चुकले. आणि कोणत्या बाजूने चुकले, हे पाहण्यात खरी मौज आहे.

ग्लासगो हे शहर आपल्याला अगदीच परके नाही. हिंदुस्थानच्या लोहमार्गांवर धावलेली कितीतरी इंजिने त्याच्या स्प्रिंगबर्न भागातील कारखान्यांत घडली, आणि क्लाइड नदीकाठच्या गव्हन भागातील जहाजकारखान्यांच्या शेजारीच आयब्रॉक्सचे मैदान आहे. रेंजर्स क्लबाची स्थापना १८७२ ची, सेल्टिकची १८८७ ची. पहिल्याच्या मागे प्रोटेस्टंट आणि ब्रिटनशी निष्ठा राखणारा समाज, दुसऱ्याच्या मागे दुष्काळाने देशोधडीला लागून आलेले आयरिश कॅथलिक. या दोघांना मिळून ‘ओल्ड फर्म’ म्हणतात, आणि परस्परांच्या द्वेषावर दोघांचाही गल्ला भरतो हा त्यातला छद्मी अर्थ सर्वांस ठाऊक असतो. २०११ पर्यंत रेंजर्सने ५४ वेळा लीगचे विजेतेपद मिळविले होते.

अशा क्लबावर ही वेळ का यावी? १९८८ पासून मालक असलेल्या डेव्हिड मरे यांनी क्लब उधारीवर थोर केला. २००१ ते २०१० या काळात खेळाडूंना व अधिकाऱ्यांना पगाराचा काही भाग न्यासामार्फत ‘कर्ज’ म्हणून देण्याची तजवीज चालू होती. ते कर्ज कोणी फेडणार नव्हते आणि त्यावर प्राप्तिकरही भरला जात नव्हता. करखात्याने दावा लावला तेव्हा त्या दाव्याच्या नुसत्या सावलीने ऐपतदार गिऱ्हाईक पळाले, आणि ६ मे २०११ रोजी मरे यांनी आपले भाग क्रेग व्हाइट या गृहस्थास एक पौंडास विकले. व्हाइटने बँकेचे सुमारे १ कोटी ८० लाख पौंडांचे कर्ज वारले खरे. पण त्यासाठी लागणारा पैसा क्लबाचीच भावी हंगामी तिकिटे गहाण पडल्यासारखी विकून उभा केलेला होता, आणि त्यानंतरच्या नऊ महिन्यांत पगारातून कापलेला कर आणि मूल्यवर्धित कर मिळून सुमारे ९० लाख पौंड सरकारजमा झालेच नाहीत. १४ फेब्रुवारी २०१२ रोजी क्लब प्रशासकांकडे गेला. (या खरेदीव्यवहारावरून पुढे व्हाइटवर फौजदारी खटला झाला आणि २०१७ मध्ये ज्यूरीने त्यास निर्दोष सोडले, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने न्यासातील ती ‘कर्जे’ म्हणजे पगारच होता असा निकाल करखात्याच्या बाजूने दिला. न्यायाचे गाडे असे उलटसुलट चालते.) जूनमध्ये करखात्याने तडजोडीची दरखास्त फेटाळली. जुन्या कंपनीच्या नशिबी अवसायन आले. आणि चार्ल्स ग्रीन यांच्या मंडळीने मैदान, नाव आणि इतिहास असा सारा सरंजाम ५५ लाख पौंडांना उचलला.

नव्या कंपनीपाशी मैदान होते, समर्थक होते. लीगमधील जागा मात्र नव्हती. बारा क्लबांच्या स्कॉटिश प्रीमियर लीगमधला जुन्या कंपनीचा भाग नव्या कंपनीच्या नावे करावयाचा, तर बारांपैकी आठांची संमती लागत होती. म्हणजे ज्यांचे पैसे बुडाले ते, ज्यांना दरवर्षी हार पत्करावी लागली ते, आणि ज्यांचा निम्मा डोलारा रेंजर्सच्या पाहुण्या प्रेक्षकांवर उभा होता तेही, एकाच वेळी न्यायाधीश झाले. या लीगमध्ये घरच्या सामन्याचा गल्ला यजमानाचाच असे, त्यामुळे किल्मार्नॉक किंवा सेंट मिरेनसारख्या क्लबाला रेंजर्स आणि सेल्टिक यांच्या फेऱ्या म्हणजे वर्षाचा मुख्य महसूल. दूरचित्रवाणीचा करार तर याहून नाजूक, कारण मोसमातून चार वेळा ओल्ड फर्मचा सामना होईल या गृहीतकावरच तो उभा होता. महत्त्वाच्या ठरावांस अकरा विरुद्ध एक असे बहुमत लागे, म्हणजे ग्लासगोच्या दोन्ही क्लबांनी हातात हात घातले की बाकीच्या दहांनी कितीही आरडाओरडा केला तरी तिजोरीच्या वाटपास धक्का लागत नसे.

अशा स्थितीत अधिकाऱ्यांची मसलत काय होती, हे सांगावयास नकोच. लीगचे नील डॉन्कास्टर आणि स्कॉटिश फुटबॉल संघटनेचे स्ट्युअर्ट रीगन हे दोन मुख्याधिकारी, रेंजर्स तळाच्या विभागात गेले तर स्कॉटिश फुटबॉलला वर्षाला दीड कोटी पौंडांच्या आसपास खोट बसेल, अशी आकडेमोड मांडीत होते. रीगन यांनी तर हा खेळ सावकाश झिजून मरेल आणि सामाजिक अशांतता माजेल, इथपर्यंत मजल नेली. हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. परंतु त्यांच्या ताळेबंदात एक रकाना गाळलेला होता. अ‍ॅबरडीन, हिबर्नियन, हार्ट्स, डंडी युनायटेड यांच्या समर्थकांनी आपापल्या अध्यक्षांना पत्रांमागून पत्रे धाडली की, ज्याने कर बुडवून संघ उभा केला आणि आम्हांस त्या संघाकडून हरविले, त्यास वरच्या वर्गात पुन्हा बसविणार असाल तर आमची हंगामी तिकिटे विसरा. रेंजर्सचे पाहुणे वर्षातून दोनदा येतात. घरचा समर्थक महिन्यातून दोनदा येतो, आणि त्याचा मुलगाही येतो. अध्यक्षमंडळींनी हे गणित, तत्त्वनिष्ठेचा साज चढवून का होईना, अचूक सोडविले. ४ जुलै २०१२ रोजी मतदान झाले : दहा विरुद्ध, किल्मार्नॉक तटस्थ, आणि बाजूने एकच मत, ते मरणोन्मुख जुन्या रेंजर्सचे स्वतःचे.

वरच्या लीगने हात झटकले तेव्हा प्रश्न खालच्या तीस क्लबांच्या दारात आला, आणि येथे नाट्य अधिक रंगले. या तीसांनी रेंजर्सला निदान पहिल्या विभागात, म्हणजे एकच पायरी खाली, घ्यावे यासाठी त्यांच्यावर जो दबाव आला, त्याचे वर्णन कर्कॉल्डीच्या रेथ रोव्हर्सचे एक संचालक टर्नबुल हटन यांनी हॅम्पडेन मैदानाच्या पायऱ्यांवर उभे राहून, बातमीदारांच्या समोर, इतक्या रोखठोक भाषेत केले की धाकदपटशा आणि खोटेपणा हे दोन्ही आरोप त्यांनी कोणताही आडपडदा न ठेवता केले. निवृत्तीच्या वयाचा, शांत चेहऱ्याचा हा गृहस्थ काही क्रांतिकारक नव्हता. परंतु ज्या क्लबांची वार्षिक उलाढाल रेंजर्सच्या एखाद्या बऱ्या खेळाडूच्या पगाराइतकी असेल, त्यांनी त्या पायऱ्यांवरून स्फूर्ती घेतली, आणि १३ जुलैला तीसांपैकी पंचवीसांनी मत दिले की रेंजर्सने तिसऱ्या विभागात, म्हणजे चौथ्या आणि सर्वांत खालच्या पायरीवर, आरंभ करावा. यानंतर गंमत अशी झाली की, ज्या प्रीमियर लीगने रेंजर्सला दार बंद केले, तिनेच आपला दूरचित्रवाणीचा करार जगविण्यासाठी खालच्या लीगकडून रेंजर्सच्या सामन्यांचे प्रक्षेपणहक्क विकत घेतले. वाड्यातून हाकललेल्या माणसाच्या तसबिरीवर वाड्याचे भाडे भरण्याचा हा प्रकार होता.

नव्या रेंजर्सला संघटनेचे सदस्यत्व देताना जुन्या कंपनीची फुटबॉलमधील देणी फेडण्याची अट घालण्यात आली. अर्थात डंडी युनायटेड, डन्फर्मलिन आणि हार्ट्स यांच्या वसुलीस वाट मिळाली. चेहरे रंगविणाऱ्याचे ४० पौंड आणि करदात्यांचे कोट्यवधी मात्र अवसायकाच्या दारात, पौंडामागे काही पेन्स मिळण्याच्या आशेवर उभे राहिले. प्रतिस्पर्धी हा घरचा आणि धोबी, मुद्रक, वृत्तपत्रविक्रेता हे उपरे, हा जो भेद खेळाच्या जगाने रूढ केला आहे, तो मला आजवर कोणी समाधानकारकपणे समजावून सांगितलेला नाही.

तिसऱ्या विभागातील नऊ क्लबांवर मात्र त्या वर्षी पैशांचा पाऊस पडला. ११ ऑगस्टला मासेमारीचे बंदर असलेल्या पीटरहेड गावी पहिला लीग सामना झाला, आणि ५४ वेळचे विजेते शेवटच्या मिनिटाला बरोबरी साधून, २-२ असा जीव वाचवून परतले. आठवड्याने आयब्रॉक्सवर ईस्ट स्टर्लिंगशायर या संघाविरुद्ध ४९,११८ प्रेक्षक आले. जगात चौथ्या पायरीच्या सामन्याला तोवर इतकी गर्दी कधी झाली नव्हती. ऑक्टोबरात स्टर्लिंग अल्बियनने रेंजर्सला १-० असे हरविले, त्या दिवशी त्याचा व्यवस्थापक ग्रेग मॅकडोनल्ड मैदानावर नव्हता, कारण त्याच दिवशी त्याचे लग्न होते. बोहल्यावरच्या नवरदेवाला यापरता आहेर कोणता मिळावयाचा! एल्गिनच्या क्लबाने तर मैदान मावेल त्याहून जास्त तिकिटे विकली, पोलिसांनी हरकत घेतली, आणि नोव्हेंबरातला सामना ऐन वेळी तहकूब करावा लागला. क्वीन्स पार्क या तेव्हा हौशी खेळाडूंच्या असलेल्या क्लबाला हॅम्पडेनच्या भव्य मैदानावर एरवी काही शेकड्यांची हजेरी असे. डिसेंबरअखेर रेंजर्स आले तेव्हा ३०,११७ माणसे आली. त्या मोसमात क्वीन्स पार्ककडून बिनपगारी खेळणारा अँड्र्यू रॉबर्टसन नावाचा पोरसवदा बचावपटू २०१९ मध्ये लिव्हरपूलकडून युरोपचे विजेतेपद मिळवून बसला.

अ‍ॅननचे उदाहरण मला या सर्वांत अधिक बोलके वाटते. इंग्लंडच्या सीमेलगतच्या या छोट्या गावाचा क्लब राष्ट्रीय लीगमध्ये आला तो २००८ साली, ग्रेटना क्लब एका धनिकाच्या आधारावर प्रीमियर लीगपर्यंत चढून आधार सुटताच कोसळला तेव्हा. आणि ग्रेटनाला २००२ मध्ये लीगमध्ये जागा मिळाली होती ती एअर्ड्रीओनियन्स हा जुना क्लब अवसायनात गेल्यामुळे. एकाच्या मृत्यूने दुसऱ्यास मिळालेली आणि दुसऱ्याच्या मृत्यूने तिसऱ्याकडे आलेली ही जागा. तिच्यावर बसलेल्या अ‍ॅननने ९ मार्च २०१३ रोजी आयब्रॉक्सवर जाऊन रेंजर्सचा २-१ असा पराभव केला. प्रीमियर लीगमध्ये रेंजर्सच्या रिकाम्या जागी ज्या डंडीला बोलावले, त्या क्लबानेही २०१० साली प्रशासकांचे तोंड पाहिले होते आणि पंचवीस गुणांची शिक्षा भोगली होती. दिवाळखोरी हे स्कॉटलंडच्या लीगमध्ये क्लबांच्या बढतीचे एक रीतसर साधन आहे, असे कोणी म्हटले तर त्यास खोडून काढणे अवघड जाईल.

हे वाचताना मराठी वाचकाच्या मनात मुंबईचा महिंद्र युनायटेड आल्यावाचून राहणार नाही. राष्ट्रीय लीग जिंकलेला तो संघ २०१० मध्ये मालकांनी बंद केला. २०१६ मध्ये गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग या क्लबांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. आपल्याकडे क्लब बुडत नाहीत, आवरले जातात. धनकोंची यादी निघत नाही, मतदान होत नाही, आणि राहिलेल्या प्रतिस्पर्ध्यांना कोणी विचारीत नाही. ग्लासगोच्या भांडणात निदान सगळ्यांची मते नोंदली गेली.

आता प्रीमियर लीगकडे वळू. सर्वनाशाचे भाकीत खरे ठरले असे वरवर पाहता कोणी म्हणेल : डन्फर्मलिन २०१३ च्या एप्रिलात आणि हार्ट्स त्याच वर्षी जूनमध्ये प्रशासकांकडे गेले. परंतु डन्फर्मलिन तर रेंजर्सबरोबरच प्रीमियर लीगच्या बाहेर पडलेले होते, आणि हार्ट्सचा घात व्लादिमिर रोमानोव्ह या मालकाच्या लिथुआनियातील बँकेच्या पतनाने केला. रेंजर्सच्या प्रकरणाने हार्ट्सला खरा फटका दिला तो वेगळ्याच वाटेने. २०१२ च्या मे महिन्यात, रेंजर्सकडे डोळे लावून, क्लबांनी दिवाळखोरीची शिक्षा वाढविली होती. त्या कलमाचा पहिला मोठा बळी हार्ट्स ठरले. पंधरा गुण वजा धरून त्यांनी मोसम सुरू केला आणि ते खाली घसरले. शेजाऱ्यासाठी घडविलेली बेडी आपल्या पायात पडावी, हे पंचायतींच्या इतिहासात नवे नाही. हार्ट्स पुढे हजारो समर्थकांच्या मासिक वर्गणीवर उभे राहिले, आणि डन्फर्मलिनही समर्थकांनीच सोडविले.

बाकीच्यांची चैन झाली. रेंजर्स युरोपीय स्पर्धेस अपात्र ठरल्याने तिसऱ्या क्रमांकाच्या मदरवेलला चॅम्पियन्स लीगची पात्रता फेरी खेळावयास मिळाली. पनाथिनाइकोसने त्यांना दोन्ही सामन्यांत हरविले, पण पाहुणचार तर झाला. २०१३ चा लीग करंडक सेंट मिरेनने प्रथमच जिंकला, २०१४ चा अ‍ॅबरडीनने. त्याच वर्षी सेंट जॉनस्टनने आपल्या एकशे तीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा स्कॉटिश करंडक पाहिला, पुढच्या वर्षी इनव्हर्नेसने, आणि २०१६ मध्ये रॉस काउंटीने लीग करंडक नेला. त्याच वसंतात हिबर्नियनने, १९०२ पासून हातातून निसटत आलेला स्कॉटिश करंडक, अंतिम सामन्यात दुसऱ्या कोणाला नव्हे तर परतीच्या वाटेवरील रेंजर्सलाच ३-२ असे हरवून मिळविला. प्रायोजक बँक २०१३ मध्ये निघून गेली आणि लीग दोन मोसम बिनप्रायोजक राहिली, हे खरे. दूरचित्रवाणीचा करारही स्वस्तात पडला. परंतु एकही क्लब रेंजर्सच्या अभावाने मेला नाही.

सेल्टिकची गोष्ट निराळी. रेंजर्सची आम्हांस गरज नाही, असे त्यांचे कारभारी म्हणाले आणि पहिल्या वर्षी तसे दिसलेही. ७ नोव्हेंबर २०१२ च्या रात्री त्यांनी बार्सिलोनाला २-१ असे हरविले, चॅम्पियन्स लीगची उपान्त्यपूर्व फेरीआधीची पायरी गाठली, आणि त्या वर्षाची उलाढाल साडेसात कोटी पौंडांच्या वर गेली. पण साठ हजारांच्या त्यांच्या मैदानावर लीगच्या सामन्याला रिकाम्या खुर्च्या वाढू लागल्या. चांगले खेळाडू इंग्लंडात विकले गेले. २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षे चॅम्पियन्स लीगचे दार उघडले नाही. जिंकणे निश्चित असलेल्या सामन्यांसाठी हंगामी तिकीट घेणारा समर्थक कुरकुरू लागला, आणि २०१६ मध्ये रेंजर्स परत आले तेव्हा त्या खुर्च्या भरल्या. रेंजर्सच्या पडझडीवर गाणी रचणाऱ्यांनीच त्यांच्या परतीच्या सामन्याची तिकिटे सर्वांआधी संपविली.

मात्र २०१२ मध्ये विरुद्ध मत देणाऱ्या दहांच्या मनात जी एक आशा होती, तिचे काय झाले ते पाहणे राहिले. दोघांपैकी एक हटला, म्हणजे वाट मोकळी झाली, असे अ‍ॅबरडीन आणि हार्ट्स यांच्या वयस्कर समर्थकांस वाटणे स्वाभाविक होते, कारण रेंजर्स आणि सेल्टिक यांच्यावेगळा विजेता लीगने शेवटचा पाहिला होता तो १९८५ साली, अ‍ॅलेक्स फर्ग्युसनच्या अ‍ॅबरडीनच्या रूपाने. रेंजर्स नसलेल्या चारही मोसमांत विजेता सेल्टिकच झाला. पहिल्या वर्षी दुसऱ्या क्रमांकाचे मदरवेल १६ गुणांनी मागे होते, दुसऱ्या वर्षी २९ गुणांनी. त्यानंतर अ‍ॅबरडीनने सलग चार वर्षे दुसरा क्रमांक राखला, आणि रेंजर्स परतल्यावरच्या २०१६-१७ च्या मोसमात, एकही सामना न हरलेल्या सेल्टिकच्या १०६ गुणांसमोर त्यांचे ७६ झाले. रेंजर्स त्या वर्षी तिसरे आले.